सतरा नंबरचं बक्कल

"बघ, कशी उजळलीत," गोदाआत्या म्हणाली आणि ओल्या हातानं अंगणाकडे बोट दाखवलं.

तात्यांच्या तेराव्याचा दिवस होता. सकाळचे आठ वाजले असतील. अंगणात आईचं जुनं नऊवारी अंथरलं होतं. त्यावर एक घागर, दोन हंडे, पाच तांबे, समया, आणि त्यांच्यापुढे, पंगतीत मुलं बसवावीत तशी ओळीनं मांडलेली, जर्मन सैनिकांच्या कमरपट्ट्यांची एक्केचाळीस बक्कलं. उन्हात ती इतकी झगझगत होती की मला डोळ्यांवर हात धरावा लागला.

"आत्या, हे काय केलंस?"

"घासली."

"कशानं?"

"कशानं म्हणजे? चिंचेनं. पोलादी होती त्यांना राख. काय कळकट ठेवली होती दादानं! तांबटाच्या घरात असलं काळं पितळ? आज लोक येणार जेवायला. काय म्हणतील?"

मी पायरीवर बसले. गेले बारा दिवस मी बहुतेक बसलेलीच होते. तात्यांच्या कारखान्यात, म्हणजे घराच्या मागच्या खोलीत, त्यांच्या पाटावर. आई मी कॉलेजात असतानाच गेली होती. भावंड कुणी नाही. पुण्याला ज्या ग्रंथालयात मी काम करत होते तिथली रजा संपत आली होती आणि परत जावं असं मनात येत नव्हतं. रडूही येत नव्हतं. मृत्यूवर मी बरंच वाचलेलं होतं. त्यातलं काहीही उपयोगी पडलं नाही.

आता सांगितलं पाहिजे की तात्यांच्या लेखी जगात एकच पाप होतं, आणि ते म्हणजे जुनं बक्कल घासणं.

तात्या साताऱ्यातले तांबट. हंडे-घागरींचं गिऱ्हाईक स्टीलनं पळवल्यावर ते शाळांचे बिल्ले आणि कुस्त्यांची पदकं ठोकायला लागले. बक्कलांचा नाद कधी लागला ते त्यांनाही सांगता यायचं नाही. आमच्या आसपासच्या गावांतून दुसऱ्या महायुद्धात पलटणीच्या पलटणी गेल्या होत्या. परतलेल्यांपैकी कुणी इटलीतून, कुणी आफ्रिकेतून, पडलेल्या किंवा शरण आलेल्या जर्मनाच्या पट्ट्याचं बक्कल खिशात घालून आणलं होतं. पुढे ती बक्कलं गावोगाव बैलाच्या पट्ट्याला, दुधाच्या किटलीला, एका घरी तर पाळण्याच्या दोरीला लावलेली सापडायची. तात्या सायकलवरून जायचे, चहा प्यायचे, लढाईच्या गोष्टी ऐकायचे आणि बक्कल घेऊन यायचे. बदल्यात नवा तांब्या द्यायचे.

त्यातही त्यांचा एक हट्ट होता. कैसरच्या काळातली मुकुटवाली बक्कलं नकोत. हिटलरची तर घरातच नकोत. "आपलं स्वस्तिक चोरलं आणि वर वाकडं करून लावलं," म्हणायचे. त्यांना हवी असायची ती दोन युद्धांच्या मधली, पंधरा-सोळा वर्षांतली. त्यांवरच्या गरुडाच्या डोक्यावर मुकुट नाही, पंजात चिन्ह नाही. भोवती फक्त 'देव आमच्या सोबत' अशा अर्थाची जर्मन अक्षरं. तात्या त्याला 'बेकार गरुड' म्हणत. "जुना मालक गेलेला, नवा यायचाय. मला हाच आवडतो. कुणाचा नोकर नाही."

आणि अशा बक्कलाचा खरेपणा ठरतो तो त्याच्यावर साचलेल्या काळ्या-तपकिरी थरावरून. सत्तर वर्षांचा घाम, धूळ, चामड्याचं तेल. तो थर म्हणजे बक्कलाची जन्मपत्रिका. आत्यानं एक्केचाळीस जन्मपत्रिका चिंचेत कालवून मोरीत सोडल्या होत्या.

"आज सबनीसकाका येणार आहेत," मी म्हटलं.

"येऊ देत की. त्यांच्यासाठीच तर लखलखीत केली."

 मी खिशातलं पोस्टकार्ड चाचपलं. ते चार दिवसांपूर्वी वाईहून आलं होतं:

'चि. उल्का, तेराव्याला येतो. जेवायला नव्हे, सतरा नंबरसाठी. करडे आता मध्ये बोलू शकणार नाही, तेव्हा प्रथमच शांतपणे तपासता येईल. थराला कुणालाही हात लावू देऊ नकोस. मु. सबनीस.'

मुकुंद सबनीस हे वाईचे निवृत्त इतिहासशिक्षक. तात्यांचे एकुलते एक मित्र, असं मी म्हटलं तर दोघांनीही ते नाकारलं असतं. ते तात्यांना आडनावानं 'करडे' म्हणत, तात्या त्यांना 'पंतोजी'. जर्मन पुस्तकं मागवून, शब्दकोश मांडीवर घेऊन सबनीसकाका शिकलेले. तात्या हातोडी घेऊन. प्रत्येक बक्कल दोघं तपासत. दोघांचं जुळलं की तात्यांच्या लाल नोंदवहीत 'अस्सल' असं लिहून दोघं सही करत. चाळीस बक्कलांपुढे दोन-दोन सह्या होत्या. सतरा नंबरपुढे एकच, तात्यांची. दुसरी जागा एकोणीस वर्षं रिकामी.

ह्या सतरा नंबरवरून दोघांमध्ये पोस्टकार्डांची लढाई चाललेली असे. महिन्याला दोन-तीन इकडून, तितकीच तिकडून. पोस्टकार्डंच, कारण पाकीट बंद करून शिव्या देण्यात काय मजा. आमचा पोस्टमन दारातूनच वाचत यायचा: "तात्या, आज तुम्हाला 'पितळेचा गाढव' म्हटलंय." प्रत्येक उत्तराचा शेवट एकाच शब्दानं व्हायचा: अमान्य.

तात्या जाण्याच्या आदल्या दिवशी मला म्हणाले होते, "पंतोजीची सही घे." मी विचारलं, "अस्सल आहे ना तात्या, खरंच?" ते हसले आणि त्यांना खोकला आला. उत्तर तसंच राहिलं.

मला ती सही हवी होती. बक्कलांशी मला देणंघेणं नव्हतं. पण माझा बाप एकोणीस वर्षं बरोबर होता, एवढं कुणीतरी शाईनं लिहून द्यावं, असं मला फार वाटत होतं. आणि आता आत्यानं पुरावाच धुऊन टाकला होता.

सबनीसकाका साडेदहाच्या एसटीनं आले. खांद्याला झोळी, हातात छत्री, डोक्यावर कानटोपी. बहात्तर वर्षांचा उंच, वाळका माणूस. अंगणात पाऊल टाकलं आणि तिथंच थबकले. मग छत्री भिंतीला टेकवली, कानटोपी काढली आणि माझ्या शेजारी पायरीवर बसले.

"कुणी?" त्यांनी विचारलं.

"मी," आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली. "चांगली निघालीत ना?"

"गोदाताई, तुम्ही माझ्या मित्राला दुसऱ्यांदा मारलंत."

"पहिल्यांदा कुणी मारलं?"

"मी. पोस्टकार्डांनी."

"मग चहा घ्या," आत्या म्हणाली. "दोघं मारेकरी बरोबरच घेऊ."

चहा झाला. सबनीसकाकांनी झोळीतून भिंग काढलं, सोनाराचा छोटा काटा काढला, आणि खाली बसून अंगणातल्या त्या आरशांवरून एकदा नजर फिरवली. "ह्यांची तपासणी म्हणजे न्हाऊन, पावडर लावून आलेल्या मुडद्याची तपासणी," ते पुटपुटले. मग माझ्याकडे बघून, "चुकलो. आज असं बोलू नये."

"बोला," मी म्हटलं. "तात्या बोलले असते."

मी सतरा नंबर उचलून त्यांच्या हातात दिलं. इतर बक्कलांइतकंच होतं. तोच गरुड, तीच अक्षरं.

"वजन बरोबर," ते काट्याकडे बघत म्हणाले. "ठसा मारलेला आहे, ओतलेलं नव्हे. ओतीव मालाची अक्षरं साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत असतात. इथं धार आहे. मागच्या बाजूला गरुड उलटा उठलाय, तोही स्वच्छ. हे सगळं मी पहिल्याच वर्षी मान्य केलं होतं."

"मग अडलं कुठं?"

"चोचीत. हे बघ. चोच झिजलीय. पण अक्षरं चोचीपेक्षा उंच आहेत, ती झिजलेली नाहीत. सैनिक पोटावर सरपटतो तेव्हा आधी अक्षरं घासली जातात. नुसत्या चोचीवर सरपटणारा सैनिक मी ऐकलेला नाही."

"तात्यांनी काय उत्तर दिलं?"

"'हा जर्मन वाकून चालत असेल. अमान्य.'" सबनीसकाकांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "मी म्हटलं, मागचा थर एका कोपऱ्यात खरवडू दे, खालचं पितळ बघू दे. एकोणीस वर्षं नाही म्हणाला. म्हणे, माझ्या प्रेतावरून जावं लागेल."

"म्हणजे गेलात की," मी म्हटलं.

"गेलो खरा." त्यांनी बक्कल उलटं केलं आणि भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. उन्हाकडे तिरपं धरून बघितलं. कपाळावर आठी आली. "उल्का, तुझे डोळे तरुण आहेत. पट्टा अडकवायच्या आकड्याच्या खाली हे काय आहे? बारीक बारीक खळगे. ओळीनं."

मी बघितलं. तिळाएवढे खळगे होते, एकाला एक लागून, कमानीसारख्या तीन ओळींत. घासल्यामुळे प्रत्येकात उन्हाचा एक-एक कण बसला होता.

"गंज असेल."

"पितळ असं ओळीत गंजत नाही. गंजाला शिस्त नसते. कारखान्याची खूण म्हणावी तर कुठल्या पुस्तकात—"

"काय बघताय एवढं?" आत्या पदराला हात पुसत बाहेर आली. हातात अजून झारा होता. तिनं सबनीसकाकांच्या हातातून बक्कल घेतलं, बघितलंही नाही, नुसता अंगठा फिरवला. "मठार आहे की."

"काय?"

"मठार. मास्तर, एवढी पुस्तकं वाचता आणि मठार माहीत नाही? तांबट पत्रा सारखा करतो तेव्हा हातोडीचे ठोके उमटतात ते. ती घागर बघा, तिच्यावर आहे. तो तांब्या बघा." तिनं झाऱ्यानं दाखवलं. "आणि हा आमच्या घरचाच. ह्या ओळी डावीकडे कलल्यात. सगळ्या आळीत डावखुरा एकटा दादा. सकाळी घासतानाच बोटाला लागला. म्हणून ते जरा जास्त घासलं."

 "आत्या, काय म्हणतेयस तू?"

"काय म्हणजे? हे दादानं केलंय."

चुलीवर काहीतरी करपायला लागल्याचा वास आला. आत्या तिकडे वळली. "थांब!" मी आणि सबनीसकाका एकदम म्हणालो.

"कधी?" सबनीसकाकांनी विचारलं. "कधी केलं त्यानं?"

"माझ्या मंदाच्या लग्नाची भांडी ठोकून घ्यायला मी इथं येऊन राहिले होते ना, तेव्हा. एकोणऐंशी साल. श्रावण. मंदाची घागर अर्धी पडलेली आणि हा महिनाभर ह्या टिकलीएवढ्या वस्तूवर बसलेला. साचा कोरला, ठसा मारला, मग जुनं दिसावं म्हणून ते ज्यात बुडवून ठेवलं ते आज तेराव्याच्या दिवशी सांगत नाही. वासानं मी दोन दिवस जेवले नव्हते. मी म्हटलं, दादा, कुणासाठी हा उपद्व्याप? तर म्हणाला, एक माणूस दार लावून बसलाय. समजूत घालणारे सगळे हात हलवत परत आले. त्याला चिडवायला पाहिजे. चिडला की येतो बाहेर." आत्यानं नाक वर करून वास घेतला. "खीर लागतेय माझी," म्हणाली आणि गेली.

सबनीसकाका समोरच्या घागरीकडे बघत होते. "कुमुद ज्येष्ठात गेली," ते म्हणाले. माझ्याशी नव्हे.

कुमुदकाकू, म्हणजे सबनीसकाकांची बायको, मला धूसर आठवत होत्या. मोठं कुंकू, आणि बोलताना तोंडावर हात धरायची सवय. तेव्हा मी सतरा वर्षांची होते. त्या गेल्यावर सबनीसकाकांनी शाळेत जाणं सोडल्याचं घरात कुजबुजत होते, एवढंच ठाऊक होतं.

त्यांनी पाणी मागितलं. मी आणून दिलं. ते प्यायले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "नोंदवही आण."

मी लाल वही आणली.  निकाल तर लागलाच होता. तात्या चुकले होते; चुकले कसले, एकोणीस वर्षं धडधडीत खोटं बोलले होते. आणि ते खोटं आता त्या चाळीस खऱ्यांच्या मध्ये कायमचं लिहिलं जाणार होतं. सबनीसकाकांनी पेनाचं टोपण काढलं, सतरा नंबरची ओळ बोटानं शोधली आणि मास्तरांच्या सुबक अक्षरात लिहिलं:

'अस्सल. मु. सबनीस.' खाली तारीख.

मी बघतच राहिले. "काका, हे काय?"

"सही. तुला हवी होती ना?"

"पण आत्ता तर आत्या म्हणाली—"

"तुझ्या आत्यानं चिंचेनं हात धुऊन घेतलेले आहेत. पुरावा नष्ट करणाऱ्याची साक्ष ग्राह्य धरत नाहीत."

"मठार दिसतोय! डावखुरा मठार! तुम्ही स्वतः बघितलात!"

"जर्मनीत डावखुरे नव्हते असं तुझं म्हणणं आहे का?"

"काका, ते तात्यांनी केलंय!"

"करडे?" त्यांनी टोपण लावलं. "त्याला एवढं बारीक काम कुठलं जमायला. बिल्ले ठोकणारा माणूस."

मी उभी राहिले. बारा दिवसांत पहिल्यांदाच इतक्या झटक्यात उभी राहिले असेन. सकाळी मला जे लिहून हवं होतं ते वहीत लिहिलेलं होतं, सहीशिक्क्यानिशी, आणि मला ती वही त्यांच्या अंगावर फेकावीशी वाटत होती. माझ्या बापानं नखाएवढा गरुड कोरला होता, पीस न् पीस, असा की शब्दकोश घेऊन बसलेला मास्तर एकोणीस वर्षं खात्रीनं बोलू शकला नव्हता. आणि त्याचं श्रेय हा गृहस्थ कुठल्यातरी परक्या कारखान्याला देऊन मोकळा होत होता.

"तुम्ही मुद्दाम करताय," मी म्हटलं.

"पुरावा आण. भावनेवर इतिहास लिहीत नाहीत."

त्यावर ते जेवले. दोन वाट्या खीर घेतली, लागलेली असूनही. आत्याला नमस्कार केला आणि तीनच्या गाडीनं गेले. जाताना मला काही म्हणाले नाहीत. सांत्वनाचा एक शब्दही नाही. मला आठवतंय, मी आत्याला म्हटलं होतं, किती कोरडा माणूस आहे हा.

पाचव्या दिवशी कार्ड आलं. पोस्टमन दारातूनच वाचत आला, मग तात्या नाहीत हे लक्षात येऊन मध्येच थांबला आणि ओशाळून कार्ड माझ्या हातात दिलं.

'उल्का, बक्कल अस्सल आहे. तुला ओळखता यायचं नाही. हिंमत असेल तर ये. मु. सबनीस.'

मी कारखान्यात गेले, पण ह्या वेळी पाटावर बसले नाही. खोकी उपसली, फडताळ रिकामं केलं, ऐरणीखालची माती उकरली. चार वाजता, बिल्ल्यांच्या जुन्या साच्यांच्या ढिगात, मेणकापडात गुंडाळलेला तो सापडला. पोलादी साचा, आणि त्यात उलटा बेकार गरुड. मी तसेच काळे हात घेऊन स्वयंपाकघरात आले आणि आत्यापुढे बसून दोन भाकऱ्या खाल्ल्या.  आत्यानं तिसरी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साचा रुमालात बांधून वाईची एसटी पकडली. खिडकीशी बसून मी सबनीसकाकांना काय काय ऐकवायचं ते मनात जुळवत होते, आणि पाचवडच्या थांब्यावर एकदम रडायला लागले. शेजारच्या बाईंनी भाजीची पिशवी खाली ठेवून माझ्या पाठीवर हात ठेवला. "कोण गेलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "कोणी नाही. एका माणसाचा राग आलाय." तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

सबनीसकाकांनी साचा उलटसुलट बघितला, चहा केला आणि म्हणाले, "साचा सापडला म्हणजे काय सिद्ध झालं? करड्यानं अस्सल बक्कलावरून साचा घेतला असेल. अमान्य."

हे नऊ वर्षं चाललं. मी पुण्याला परतले, नोकरीवर रुजू झाले, ग्रंथालयातून धातूंवरची आणि जर्मन गणवेशांवरची पुस्तकं घरी न्यायला लागले. महिन्यातून दोनदा वाईला कार्ड पाठवायचं, दोनदा यायचं. सणावाराला आत्याला घेऊन त्यांच्याकडे जायचं, ते तोंडावर भांडण्यासाठी. त्यांनी मला 'पितळेची गाढवीण' म्हटलं त्या दिवशी मला बढती मिळाल्यासारखं वाटलं.

दोन हजार सातच्या मार्गशीर्षात ते झोपेतच गेले. महिन्याभरानं त्यांच्या पुतण्यानं बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा पाठवला. त्यात तात्यांची सगळी कार्डं होती, तारखेप्रमाणे लावून, दोऱ्यानं बांधलेली. मी दोरा सोडला आणि सगळ्यात तळाचं कार्ड काढलं. शाई फिकी झाली होती, पण अक्षर डावीकडे कललेलं, तात्यांचं. श्रावण, एकोणऐंशी.

'पंतोजी, एक बक्कल मिळालंय. अस्सल आहे. तुला ओळखता यायचं नाही. हिंमत असेल तर ये. करडे.'

ते मी टेबलावर ठेवलं. मग उठून माझ्या खणातलं, तेराव्यानंतर सबनीसकाकांनी मला पाठवलेलं पहिलं कार्ड आणलं आणि त्याच्या शेजारी ठेवलं. 'हिंमत असेल तर ये' दोन्हींवर होतं.

नंतर कपाटातून लाल वही काढली, सतरा नंबरचं पान उघडलं. दोन सह्या होत्या. त्यांच्या खाली थोडी जागा शिल्लक होती. मी तारीख घातली, आणि लिहिलं:

'अमान्य. उल्का करडे.'